लायसन्स खिशात आहे, गाडी दारात आहे, पण हात थरथरतात

प्रश्न विचारणारे दादा छत्तीस वर्षांचे आहेत. नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतात, अंबड एमआयडीसीत नोकरी करतात, पंधरा वर्षं बाइक चालवतात. पावसाळ्यात क्लास लावून कार शिकले, लायसन्स मिळालं, दसऱ्याला गिअरची छोटी गाडी घेतली. दिवाळीच्या खरेदीला बायको आणि दोन मुलांना घेऊन निघाले आणि मुंबई नाक्याला गाडी एकापाठोपाठ तीनदा बंद पडली. मागून हॉर्नचा गोंगाट, शेजारून बायकोच्या सूचना, मागच्या सीटवर मुलगी रडायला लागलेली. शेवटी दोघांनी ढकलून गाडी कडेला घेतली. तेव्हापासून ती कव्हरखाली उभी आहे. घरचे वणीला सप्तशृंगी गडावर जायचं म्हणतात तेव्हा दादा काहीतरी कारण काढतात. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: मी घाबरट आहे का, पुन्हा क्लास लावू का, की ही विकून ऑटोमॅटिक घेऊ?

मी २००४ पासून नाशिकमध्ये गाडी शिकवते. दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनातून गेल्याशिवाय पुढचं काही डोक्यात शिरणार नाही. तुम्ही घाबरट नाही. पंधरा वर्षं द्वारका आणि सीबीएसच्या गर्दीतून बाइक काढणारा माणूस घाबरट नसतो. तुमचं शिक्षण अर्धवट राहिलंय, आणि ते अर्धवट आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. सुरक्षेसाठी ते हवेतच. पण त्यामुळे काय होतं ते मी स्वतः भोगलंय. मी शिकले २००१ साली, एका क्लासच्या मारुती ८०० वर. वीस दिवसांत गाडी एकदाही बंद पडली नाही. सगळे म्हणाले, हिचा हात छान बसलाय. मग भावाची गाडी घेऊन पहिल्यांदा एकटी निघाले आणि पंचवटी कारंजाला पुढे भाजीची हातगाडी आली. क्लासमध्ये दाबायचे तेवढाच ब्रेक मी दाबला. गाडी थांबली नाही. बोनेट हातगाडीला टेकलं तेव्हा कळलं की वीस दिवस ब्रेकवर माझ्या पायाचा जोर निम्माच होता, उरलेला शेजारच्याचा होता. क्लचचंही तसंच. शिकवणारे गृहस्थ वाईट नव्हते, त्यांना पुढचा विद्यार्थी घ्यायचा असायचा, म्हणून गाडी अडली की ते स्वतःच उचलून द्यायचे. कोणता पाय कुणाचा हे मला कधी समजलंच नाही. त्या हातगाडीवाल्या काकांचा चेहरा मला अजून आठवतो, आणि मी शिकवायला लागले त्यामागे तो दिवस आहे.

पंधरा-वीस दिवसांचा क्लास, रोज अर्धा-पाऊण तास, बहुतेक वेळा ठरलेला रस्ता. नंतर पेठ रोडच्या आरटीओत टेस्ट. त्या टेस्टमध्ये तुम्हाला गाडीवर ताबा ठेवता येतो का एवढंच पाहतात. संध्याकाळी सहाला मुंबई नाक्याला काय होतं, ते तिथे कुणी पाहत नाही. लायसन्स म्हणजे रस्त्यावर एकट्याने शिकायची परवानगी आहे, असं समजा. तुम्ही त्या परवानगीवर पहिल्याच फेरीत दिवाळीच्या गर्दीत उतरलात, तेही भरलेली गाडी घेऊन.

माझ्या अनुभवात ‘कॉन्फिडन्स’मध्ये धीटपणाचा भाग फार कमी असतो. नवीन माणसाचं सगळं लक्ष हातापायांकडे असतं. क्लच कुठे, गिअर कोणता, स्टिअरिंग किती. त्यामुळे नजर बोनेटच्या पुढे जात नाही. नजर जवळ असली की प्रत्येक गोष्ट अचानक समोर येते, आणि अचानक आलेल्या गोष्टीची भीती वाटणारच. हातपाय आपापलं काम न विचारता करायला लागले की नजर मोकळी होते, आणि नजर मोकळी झाली की भीती आपोआप उतरते. म्हणून मी भीतीवर काम करत नाही, पायावर करते.

तेव्हा आधी डावा पाय.

गाडी बंद का पडते ते नीट समजून घ्या. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण आठशे फेरे मारत असतं आणि चाकं मात्र जागेवर असतात. या दोघांची गाठ क्लच घालून देतो. गाठ हळूहळू पडली तर चाकं इंजिनच्या ओढीने सुटतात. झटक्यात पडली तर उभी चाकंच इंजिनला धरून थांबवतात, आणि तोच तो ‘धक्’ आवाज. क्लासमध्ये तुमचा पाय हळू सुटायचा. मुंबई नाक्याला मागून हॉर्न वाजला आणि पाय झटकन वर आला. हॉर्न कानातून शिरतो आणि डाव्या पायातून बाहेर पडतो, हे मी शेकडो जणांत पाहिलंय.

तुमच्या कंपनीला सुट्टी असते त्या दिवशी सकाळी साडेसहाला अंबड एमआयडीसीच्या आतल्या एखाद्या सपाट, रुंद रस्त्याच्या कडेला गाडी उभी करा. पायात पातळ तळव्याचे बूट घाला, चप्पल नको. सीट इतकी पुढे घ्या की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही डावा गुडघा थोडा वाकलेला राहील. इंजिन सुरू, क्लच पूर्ण आत, पहिला गिअर, हँडब्रेक खाली, उजवा पाय ब्रेकवर. आता डावी टाच फरशीवर टेकवा आणि नुसत्या पंजाने क्लच सोडत या. एका जागी इंजिनचा आवाज जड होईल, सीटखाली बारीक थरथर जाणवेल, बोनेट नखभर वर आल्यासारखं वाटेल. तिथेच पाय रोखा. हाच तो हाफ क्लच. आता ब्रेकवरचा पाय अलगद उचला, रेस अजिबात देऊ नका. सपाट रस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलाने स्वतःच निघेल. दोन-तीन मीटर जाऊ द्या, क्लच दाबा, ब्रेक दाबा, थांबा. पुन्हा. पुन्हा. एका सकाळी वीस-पंचवीस वेळा झालं की पुरे, त्याहून जास्त केलं तर पाय दुखतो आणि क्लचही तापतो. घरी स्वयंपाक करणाऱ्यांना पाहा, मोहरी तडतडली की हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो, ती तडतड कुणी विचार करून ऐकत नाही. क्लचची थरथर पायाला तशीच ऐकू यायला हवी. बहुतेकांना चार-पाच सकाळी लागतात.

यानंतरची गोष्ट मी प्रत्येकाकडून करून घेते, आणि आधी सगळ्यांना ती विचित्र वाटते. त्याच रिकाम्या रस्त्यावर गाडी मुद्दाम बंद पाडा. पहिल्या गिअरमध्ये क्लच एकदम सोडा. धक् झालं की ब्रेक दाबा, क्लच दाबा, चावी फिरवा किंवा बटण दाबा, गिअर पहिलाच आहे याची खात्री करा, हाफ क्लच, निघा. दहा वेळा करा. मोबाइलवर वेळ लावून बघा. सुरुवातीला पंधरा सेकंद लागतील, दहाव्या वेळी सहा-सात. मुंबई नाक्याला तुम्हाला वाटलं असेल की पाच मिनिटं रस्ता अडवला. गाडी बंद पडणं ही आपत्ती नाही, ते सात सेकंदांचं काम आहे हे एकदा अंगात मुरलं की अर्धी लढाई तिथेच संपते. वेळ लागतोय असं वाटलं तर चारही इंडिकेटर लावा. मागच्याला दिसतं की काहीतरी अडचण आहे, आणि तो बाजूने काढून घेतो.

हॉर्नबद्दल एवढंच सांगते. आपल्याकडे हॉर्न रागाने कमी आणि सवयीने जास्त वाजतो. सिग्नल सुटायच्या आधी वाजतो, बस स्टॉपवर थांबली तरी वाजतो. तुम्ही स्वतः बाइकवरून किती वेळा वाजवला असेल आठवा, आणि त्यातला किती कुणावर चिडून वाजवला होता तेही आठवा. मागच्या काचेवर ‘नवीन ड्रायव्हर, अंतर ठेवा’ असा कागद चिकटवा. लाल ‘एल’ शिकाऊ लायसन्ससाठी असतो, तो आता तुम्हाला लागत नाही, पण साध्या कागदात लाज कसली? बरेच लोक तो वाचून खरंच अंतर ठेवतात.

आता तुमच्या बाइकबद्दल, कारण पंधरा वर्षांच्या त्या सवयीतली एक गोष्ट तुमची मोठी मदत करेल आणि दोन गोष्टी घात करतील.

मदत ही की तुम्हाला ट्रॅफिक वाचता येतं. रिक्षावाला डावीकडे पाहतोय म्हणजे प्रवासी दिसला, आता थांबणार, हे तुम्हाला कळतं. सिटीलिंक बस स्टॉपवरून बाहेर येताना किती जागा घेते तेही माहीत आहे. कधीच काही न चालवलेल्या माणसाला हे शिकवायला मला महिने लागतात.

घात पहिला: बाइकवर तुम्ही गाडीच्या मधोमध बसता. हँडल जाईल तिथून तुम्ही जाता. कारमध्ये तुम्ही उजव्या टोकाला असता आणि जवळजवळ सगळी गाडी तुमच्या डावीकडे पसरलेली असते. छोटी गाडी झाली तरी दीड ते पावणेदोन मीटर रुंदी, वर आरसे वेगळे. पण मन अजून बाइकवरच असल्याने तुम्ही स्वतःला रस्त्याच्या मध्ये ठेवता आणि गाडीची डावी बाजू फुटपाथला, हातगाडीला, पार्क केलेल्या गाडीच्या आरशाला जाऊन भिडते. मग तिची भीती बसते आणि माणूस उजवीकडे उजवीकडे सरकत समोरून येणाऱ्याच्या अंगावर जातो.

यावर उपाय फक्कीचा. सोसायटीच्या मोकळ्या जागेत फक्कीची किंवा खडूची पंधरा-वीस फूट सरळ रेघ मारा. गाडी अशी चालवा की डावी चाकं बरोबर रेघेवरून जातील. कुणालातरी बाहेर उभं करून विचारा, चाक कुठे आहे? बरोबर बसलं की थांबा आणि पाहा, तुमच्या सीटवरून ती रेघ पुढच्या काचेच्या खालच्या कडेला कुठे मिळतेय. बहुतेक गाड्यांत ती काचेच्या मध्याच्या जवळपास मिळते, आणि हे पाहून सगळे चकित होतात, कारण मनाला ती खूप डावीकडे असेल असं वाटत असतं. तिथे आतून चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा. पुढचे पंधरा दिवस तो तुकडाच तुमचं डावं चाक. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी त्या तुकड्याच्या डावीकडे राहिली, की चाक पट्टीच्या आत आहे. नंतर तुकडा काढून टाका, तोपर्यंत जजमेंट बसलेलं असतं. दोन खुर्च्यांमध्ये दोन मीटर दहा सेंटिमीटर अंतर ठेवून त्यातून गाडी काढण्याचा सरावही करा. प्लास्टिकच्या घ्या, पडल्या तरी काही नाही.

घात दुसरा: बाइकवाला फट शोधतो आणि ब्रेक उशिरा मारतो. कारला फट नसते. पुढच्या वाहनाच्या मागे राहायचं आणि अंतर ठेवायचं. ताशी ४० च्या वेगाला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ६० ला जवळपास १७, ८० ला २२ च्या वर. पुढचा थांबला हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी तेवढी पुढे गेलेली असते. त्यात वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी असं मोजायला सांगते: पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की निवांतपणे तीनदा ‘राम कृष्ण हरी’ म्हणा. तिसरं संपायच्या आत तुम्ही त्या खांबापाशी पोहोचलात तर अंतर कमी आहे. पावसात पाच-सहा वेळा. शहरात या अंतरात दुसरे घुसतात हे खरं आहे. घुसू द्या. पुन्हा अंतर घ्या.

आणि डाव्या आरशावर भरवसा ठेवताना तुम्ही स्वतः बाइकवर काय करायचात ते आठवा. थांबलेल्या कारच्या डावीकडून पुढे निघून जायचात ना? आता तसेच लोक तुमच्या डावीकडून येणार. डावीकडे वळताना इंडिकेटर आधी, मग आरसा, मग मान वळवून एक नजर, मग स्टिअरिंग. आरशात न दिसणारा कोपरा मान वळवल्याशिवाय दिसत नाही.

नजरेचा सराव बोलून होतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे निवृत्त झालेले एक गुरुजी यायचे. हात चांगला, क्लच चांगला, पण प्रत्येक रिक्षाला दचकायचे. मी त्यांना गंगापूर रोडवर सकाळी सातला नेलं आणि सांगितलं, पुढे जे दिसतंय ते मोठ्याने बोलत चला, वर्गात धडा वाचल्यासारखं. पहिल्या दिवशी ते बोलले, ‘समोर स्कूटी... समोर गतिरोधक.’ सगळं दहा पावलांवरचं. आठवड्याने बोलायला लागले, ‘लांब बस थांबलीय, तिच्या पुढून कुणी तरी रस्ता ओलांडेल, मी वेग कमी करतो. उजवीकडच्या गल्लीतून बाइकचं पुढचं चाक दिसतंय. जेहान सर्कलला गर्दी आहे, तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर येतो.’ पाय काय करतायत हे ते विसरले होते. दचकणं कधी थांबलं ते त्यांनाही सांगता आलं नाही. तुम्हीही एकटे असाल तेव्हा बोलत चालवा. काच वर केली की बाहेर कुणाला ऐकू जात नाही.

शेजारी कोण बसतंय हा प्रश्न मी फार महत्त्वाचा मानते. वहिनींनी त्या दिवशी जे केलं ते काळजीपोटीच केलं, मुलं मागे होती, कुणीही ओरडलं असतं. पण पहिला महिना मुलांना गाडीत घेऊ नका, आणि वहिनी बसणार असतील तर घरातून निघण्याआधी ठरवून घ्या: वळण, वेग, गिअर यावर काही बोलायचं नाही, खरोखरचा धोका दिसला तर एकच शब्द, ‘थांब’. त्यापेक्षा उत्तम म्हणजे दहा वर्षं कार चालवणारा, कमी बोलणारा एखादा मित्र. ‘अरे मी असतो तर’ म्हणणारा मित्र नको, तो गाडीत नसलेलाच बरा. आणि मन थोडं स्थिर झालं की एकट्याने चालवा. शेजारी माणूस असेपर्यंत मन त्याच्या पायावर विसंबून राहतं, त्याच्या पायाखाली काहीच नसलं तरी.

रस्ते कोणत्या क्रमाने घ्यायचे? सराव रोज वीस मिनिटं, रविवारी तीन तास नव्हे. एक साधी गोष्ट सांगते, ती ऐकाच: गाडीवरचं कव्हर काढून कपाटात टाका. धूळ बसू दे. सकाळी झोपेतून उठून कव्हर काढायचं, घडी घालायची, एवढ्याशा कामापायी ‘उद्या जाऊ’ म्हटलं जातं आणि महिने जातात.

पहिले आठ-दहा दिवस अंबड आणि पाथर्डी फाट्याच्या आसपासचे आतले रस्ते, पहाटे. मग तेच रस्ते सकाळी नऊला. रस्ता नवा घेतला तर वेळ सोपी ठेवा, वेळ अवघड घेतली तर रस्ता ओळखीचा ठेवा, दोन्ही एकदम बदलू नका. त्यानंतर त्र्यंबक रोड. रुंद आहे, मध्ये दुभाजक आहे, चौथ्या गिअरपर्यंत जाता येतं, आणि गाडी वेगात असताना किती शांत चालते हे कळलं की मन खुलतं. बऱ्याच नवीन लोकांना वाटतं वेग अवघड आणि हळू चालवणं सोपं. कारमध्ये उलट आहे. सगळी कसरत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असते.

उड्डाणपुलाखालचे सर्व्हिस रोड मात्र सोपे समजू नका. पुलावरून जाणं नवीन माणसाला भीतीदायक वाटतं म्हणून तो खालून जातो, आणि खाली उलट दिशेने येणाऱ्या बाइक, मध्येच वळणारे टेम्पो आणि इंदिरानगर बोगद्यापाशी चारही बाजूंनी येणारी गर्दी असते. त्र्यंबक रोड जमला की पुलावरून जा, डावी लेन, ५०-६० चा वेग. वर चढताना आरसा पाहून, येणाऱ्या गाड्यांच्या वेगाला वेग जुळवून आत शिरा. रॅम्पच्या तोंडाशी थांबून वाट पाहणं जास्त धोक्याचं आहे.

चौकाचा एक नियम बऱ्याच जुन्या ड्रायव्हरांनाही ठाऊक नसतो. गोल चौकात जो आधीच आत आहे त्याचा हक्क पहिला, आत शिरणाऱ्याने थांबायचं. सगळे पाळत नाहीत, पण तुम्ही पाळा. त्यामुळे केव्हा थांबायचं आणि केव्हा निघायचं हे तुमच्या मनात पक्कं होतं. निघालात की मात्र मध्येच कचरू नका. अर्ध्यात थांबलेली गाडी सगळ्यांना गोंधळात टाकते. मुंबई नाक्याला परत जा, पण रविवारी सकाळी सातला. तोच चौक, तीच लेन, चार वेळा फिरून या. जागेची भीती त्या जागीच जाते, पण ती जागा शांत असताना जायला हवं. द्वारका आणि रविवार कारंजा, मेन रोडची बाजू सगळ्यात शेवटी. आणि सध्या २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात जागोजागी कामं सुरू आहेत, रोजचा रस्ता अचानक बंद मिळतो. बंद मिळाला तर घाईने यू टर्न घेऊ नका, पुढे जाऊन कडेला थांबा, मोबाइलवर रस्ता पाहा, मग निघा.

चढावर गाडी मागे जाण्याची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणारच. सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर, मागे कुणी नसताना करा: हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, हाफ क्लचपर्यंत या, थोडी रेस द्या, गाडीचं नाक वर आलं की मगच हँडब्रेक सोडा. गाडी सूतभरही मागे जात नाही.

वणीला जायची एवढी घाई का, असं मी घरच्यांना विचारेन. नाशिकपासून साठेक किलोमीटर आणि नांदुरीहून वर गडापर्यंत घाट. दोन महिने शहरात झाल्याशिवाय नको. जाल तेव्हा दिवसा जा, नवरात्र आणि चैत्रोत्सव सोडून. त्या दिवसांत खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि वर एसटीने जावं लागतं. घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, बहुतेक दुसऱ्या. इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे मी पाहिलेत. ते कधीही करू नका. सतत दाबून ब्रेक तापले की पॅडल दाबलं तरी गाडी थांबत नाही, आणि खाली दरी असते.

रात्रीचं ड्रायव्हिंग शहरात आधी, बाहेर नंतर. जानेवारीपासून द्राक्षांचा हंगाम, मग कांदा. दिंडोरी रोडला, पिंपळगावच्या बाजूला ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात आणि कित्येकांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. समोरून येणाऱ्याचा अप्पर डोळ्यात गेला की त्या दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे पाहा आणि वेग कमी करा. त्या दोन-तीन सेकंदांतच पुढची ट्रॉली दिसायची राहते.

ऑटोमॅटिकचं. घ्यायला हरकत काहीच नाही. तुमचं लायसन्स दोन्हीला चालतं, आणि ज्यांचा गुडघा किंवा कंबर दुखते त्यांना मी स्वतः ऑटोमॅटिकच सुचवते. पण तुमच्या अडचणीतला फक्त डाव्या पायाचा भाग त्याने सुटेल. गाडीची रुंदी तीच, नजर तीच, चौक तोच. नवी गाडी लगेच विकली तर पैशांचंही नुकसान. दोन महिने ही चालवा, मग ठरवा. तेव्हा घ्याल ती सोयीसाठी घ्याल.

पुन्हा क्लास पूर्ण लावू नका, पण चार-पाच दिवस एखाद्या शिकवणाऱ्याला तुमच्या स्वतःच्या गाडीत शेजारी बसवा. तिथे त्याच्याकडे पॅडल नसतात, म्हणून त्याला तोंडाने शिकवावं लागतं. आधीच विचारून घ्या की स्टिअरिंगला हात न लावता शिकवाल का. जो नाही म्हणेल किंवा हसेल त्याला सोडा. इन्शुरन्समध्ये झिरो डेप, म्हणजे बदललेल्या भागांची घसारा न कापता भरपाई, आहे का तेही बघून ठेवा, पहिल्या वर्षी बंपरला ओरखडा येतोच आणि तेवढ्यासाठी गाडी बंद ठेवायची नसते.

तुम्ही लिहिलंय की आईवडील जेल रोडला राहतात. पहिला मोठा पल्ला तोच ठेवा, वणी नव्हे. द्वारकेला न जाता वडाळा-पाथर्डी रस्त्याने वडाळागाव, तिथून डीजीपीनगर करत पुणे रोडला लागा आणि बिटकोवरून आत वळा. रविवारी सकाळी साडेसातला निघा, म्हणजे चहाला पोहोचाल. वडाळागावात रस्ता अरुंद आहे, तिथे दुसरा गिअर, पाय क्लचजवळ. आईवडिलांच्या गल्लीत गाडी आत घालू नका. कोपऱ्यावर जिथे ऐसपैस जागा असेल तिथे, तोंड परतीच्या बाजूला करून लावा. त्या दिवशी रिव्हर्स नको, आणि परतीला दहाच्या आत निघा.